खाणीच्या पायऱ्या

बाई,

आज मंगळवार, १६ डिसेंबर, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मी पाळी गावच्या बंद खाणीवर पंपाच्या शेडमध्ये उलट्या बाल्दीवर बसलो आहे. मशीनला तेल घातलं, हात साबणाने धुतले, पुसले, आणि मगच वही उघडली. समोर खाणीत साठलेलं पाणी आहे, हिरवं, इतकं शांत की वरून घार गेली तर खालूनही एक घार जाते. हे पाणी तुम्ही पाहिलं नाहीत. खाण बंद पडल्यावरच्या ज्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, तेव्हा तळाला नुकतं साठू लागलं होतं. त्याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात ते चढत चढत आलं आणि सगळ्या पायऱ्या त्याने गिळल्या. आता खाण पुन्हा सुरू होणार म्हणून ठेकेदाराने ते उपसायला घेतलं आहे, आणि पंपावर मी आहे. काल संध्याकाळी तिसरी पायरी बाहेर आली, ओली, लाल, काठ अजून सरळ. आज सकाळपासून या पाण्यातला एक पाइप शेतांच्या पाटात सोडला आहे. आमचा तुकडा पाटाच्या अगदी शेवटी. तिथे आई उभी आहे. पाणी पोचलं तर यंदा आमचं वायंगण, म्हणजे उन्हाळ्याचं भात, होईल. नाही पोचलं तर रोप वाफ्यातच पिवळं पडेल. फोन यायचा आहे. वाट बघताना हात रिकामे राहिले की मला घाबरायला होतं, म्हणून तुम्हाला लिहितो.

सातवीचा तो तास तुम्हाला आठवत असेल, असं लिहिणार होतो. पण गेलेल्या माणसाला काय आठवतं हे मला माहीत नाही, म्हणून मीच सांगतो. तुम्ही इतिहास शिकवत होता. म्हणालात, माणसाच्या प्रगतीच्या पायऱ्या वहीत काढा: शिकार, गुरं राखणं, शेती, व्यापार, यंत्र. प्रत्येक पायरीवर एक माणूस. मग तुम्ही बाकांमधून फिरत माझ्यापाशी आलात आणि थांबलात.

“हे काय रे? उलटं काढलंस मरे.”

माझा शिकारी सगळ्यात वर होता, गवतात. त्याच्या खाली गुराखी, त्याच्या खाली शेतकरी, मग तराजू घेतलेला व्यापारी, आणि अगदी तळाला, एवढासा, यंत्र चालवणारा माणूस. मागून कोणीतरी म्हणालं, “बाई, तो दोडामार्गचो. थंय जिने उरफाटेच.” वर्ग हसला.

“पुसून परत काढ,” तुम्ही म्हणालात.

घाबरल्यावर मला आवाज फुटत नाही, पण त्या दिवशी फुटला. “बाई, नवीन पायरी खालीच असते. जुनी वर राहते.”

हा हट्ट नव्हता. बाबा खाणीच्या कामासाठी हद्दीपलीकडून, दोडामार्गहून, इथे आलेले. आमची भाड्याची खोली बैठी, शाळाही बैठी. मी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पायऱ्या म्हणजे खाणीच्या. बाबांच्या टिपरमध्ये, लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या ट्रकमध्ये, बसून मी त्या काठावरून पाहिल्या होत्या. अख्खा डोंगर पायरी पायरीने कापत खाली नेलेला, एकेक पायरी घराएवढी उंच, आणि जी सर्वांत नवी ती सर्वांत खोल, जिथे मोठं मशीन मुंगळ्याएवढं दिसायचं. बाबा म्हणायचे, आज नवीन बेंच, म्हणजे पायरी, उघडली, आता काम वाढणार. पुढे जाणं म्हणजे खाली जाणं, हे पाळीच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नव्हतं.

तुम्ही माझी पेन्सिल उचललीत, पण खूण केली नाहीत. शाळा सुटल्यावर म्हणालात, “चल, दाखव.” गावात तुमची तीन वर्षं झाली होती, आणि खाण तुम्ही फक्त कपड्यांवरच्या धुळीतून ओळखत होता. आपण काठावर गेलो. तुम्ही नाकाला पदर लावून उभ्या राहिलात. खालून टिपर रांगेने वर येत होते, तुमच्या पायाखालची जमीन हलकी थरथरत होती, आणि उन्हात त्या सगळ्या पायऱ्या आतून पेटल्यासारख्या लाल दिसत होत्या. “आई गे,” तुम्ही एवढंच म्हणालात. परत फिरताना अर्ध्या वाटेवर थांबून म्हणालात, “इतकी वर्षं मी मुलांकडून ते चित्र काढून घेते. जिना वरच जाणार हे मी धरूनच चालले.” मोठं माणूस आपलं धरून चाललेलं असं उघड बोलून दाखवतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या शनिवारी तुम्ही बाबांना घरी बोलावलंत. मला वाटलं तक्रार. बाबा खाणीवरून तसेच आले, भुवयांपर्यंत लाल, आणि उंबऱ्यावरच बसायला लागले. तुम्ही म्हणालात, खुर्ची कशाला आहे मग? तुमच्या स्वयंपाकघरात जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, लहान मेज होतं, त्यावर पोदेराने, पाववाल्याने, सकाळी टाकलेल्या पोई, कोंड्याचे पाव, आणि तीन पेले चहा. ते स्वयंपाकघर मी आत्ता, इथे, पंपाच्या आवाजात बघतो आहे. तुम्ही माझी वही उघडून बाबांसमोर ठेवता, आणि सांगता की दूर देशात एका विद्वानाने लिहिलं, ज्याने त्याने आपला फायदा बघावा, त्यातून सगळ्यांचं भलं होतं. दुसऱ्याने लिहिलं, तसं काही होत नाही, राबणाऱ्यांना एकदा उठावं लागतं, मग शेवटची पायरी येते. “दोघांचं भांडण मोठं,” तुम्ही म्हणता, “पण जिना वर जातो, यावर दोघांचं एकमत.”

बाबा चित्राकडे बघतात. “म्हणजे दोघांनीय खाण बघूक नाय.”

तुम्ही हसता, चहा सांडेपर्यंत. मग बाबा गंभीर होतात. “पण बाई, माझो बापूस डोक्यावर लाकडा व्हायचो. माका स्टेअरिंग गावला. झील शाळेत जाता. ह्येका काय म्हणूचा?”

“प्रगतीच म्हणायचं. मी कुठे नाही म्हणते?”

“मगे?”

“आणि गावच्या विहिरी आटल्या, त्याला काय म्हणायचं?”

बाबा पोईचा तुकडा चहात बुडवतात. “त्येका टँकर म्हणतत,” ते म्हणतात.

त्या दिवशी वाद कोणी जिंकला नाही. पण घरी जाताना बाबा टिपर रोजच्यापेक्षा हळू चालवत होते, आणि मला एकदम कळलं की वहीतल्या पाच रेघांबद्दल मोठी माणसं झोप घालवू शकतात. मला ते फार मोठं वाटलं. अजून वाटतं.

मार्कांचं तुम्ही काही केलं नाहीत. म्हणालात, याला किती द्यायचे मला जमत नाही, त्यापेक्षा रविवारी माझ्या गावाला केरीला चल. डिचोली, म्हापसा, पेडणे अशा बस बदलत आपण गेलो. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. शेवटच्या वळणावर सुरूच्या झाडांमागून तो आला आणि मला वाटलं, ही सगळ्यात मोठी खाण, आणि हिला पायऱ्याच नाहीत. किनाऱ्यावर रापण ओढत होते. लांबच लांब जाळं होडीने समुद्रात टाकलेलं, आणि त्याचे दोन दोर वाळूवर दोन रांगांच्या हातात. तुम्ही चप्पल काढलीत, पदर खोचलात, दोराला लागलात आणि मला म्हणालात, बघतोस काय? दोर ओला, जाड, हाताला चावणारा. माझ्या पुढे लाल पाठीचा एक गोरा पाहुणा होता, त्याच्या पुढे मांद्र्याला पाहुण्यांच्या खोल्या साफ करणाऱ्या दोघी.

जाळं आलं. बांगडे वाळूवर उड्या मारत होते, चांदीचा ढीग हलावा तसे. मग वाटे घातले. होडीवाल्याचा वेगळा, जाळ्याच्या मालकाचे जास्त, ते मला कळलं. पण त्यानंतर वाटे घालणारा माणूस दोराला हात लावलेल्या एकेकाला देत गेला. गोऱ्याला दिलं. तो दोन्ही हातांत बांगडे धरून असा उभा राहिला, जणू कोणी त्याच्याकडे तान्हं पोर देऊन गेलं. मांडीवर टोपली घेऊन बसलेल्या एका बाईला दिलं, जिने दोराला हातही लावला नव्हता. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, तिचा नवरा ओढायचा, तो बुडाला. मग तो माझ्यापाशी आला. मी मागे सरलो. म्हटलं, मी इथला नाही.

“दोराक हात लायलो मरे?” तो म्हणाला. “मगे घे. इथलो-थयलो माशांक कळना.”

परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर पिशवी, आणि आजूबाजूचे लोक नाक मुरडून सरकत होते. तुम्ही माझ्या कानाशी वाकून विचारलंत, “आता हे सांग. रापण तुझ्या कुठल्या पायरीवर बसवशील?” मी म्हापशापर्यंत विचार केला. शिकारीत बसवावी तर हिशोब होता, व्यापारात बसवावी तर विकलं काहीच नव्हतं. मी म्हटलं, कळत नाही. तुम्ही म्हणालात, “मलाही. म्हणून तर तुला आणलं.” माझ्या बारक्या आयुष्यात मला एवढा मान कोणी दिला नव्हता.

पुढे खाण बंद पडली, टिपर गेले, नववीनंतर माझी शाळा सुटली. बाबा आता मोपाला विमानतळाकडे भाड्याची गाडी चालवतात. आई आणि मी एका मालकाचा शेताचा तुकडा अर्ध्या वाट्याने करतो. मालक पणजीला असतो.

पंधरा दिवसांपूर्वी देवळाच्या मंडपात बैठक झाली. ठेकेदार शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, एक पाइप पाटात सोडायला तयार झाला होता. एका पाइपात सगळी शेतं भिजणार नाहीत, म्हणून ठरायला लागलं की ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच पाणी. म्हणजे आम्ही बाहेर. आमच्यासारखे आणखी पुष्कळ बाहेर. मी उठलो, आणि मला जे सांगता आलं ते रापणीचंच. म्हटलं, पाट लाल गाळाने बुजला आहे. जो पाट उपसायला हात लावील त्याला वाटा. मालकाला जमिनीचा वेगळा द्या, पण हात लावणाऱ्याला द्या. आणि ज्याच्या घरात हात लावायला माणूस उरलं नाही, त्यालाही द्या.

बैठकीचे अध्यक्ष म्हणाले, “पंप चालयता म्हणून उदकाचो धनी जालो रे तूं? तुमी भायले.”

मग मागून एक म्हातारी शेतकरीण, स्वतःची जमीन असलेली, बसल्या जागेवरून म्हणाली, “बरें, मगे पाट कोण उसपतलो? तुजो पूत पणजेंतल्यान खोरें घेवन येतलो?”

मंडपभर हशा पिकला, अध्यक्षही हसले, आणि ठरलं. न्याय वगैरे कोणाला पटलं असं मी म्हणणार नाही. खोरं धरणारे हात दुसरीकडे नव्हते, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी मी पाटावर गेलो तर माणसं लांबवर दिसत होती, मालक आणि अर्धेलीने करणारे आणि दोडामार्गचे आणि इथले, कमरेइतक्या लाल गाळात एकामागे एक, आणि मला वाटलं, हा दोर आहे. मी पंप सोडून जरा वेळ तिथेच उभा राहिलो. अध्यक्षांचा मुलगा आला नाही. अध्यक्ष स्वतः आले, आणि दुपारपर्यंत टिकले.

इथवर लिहिलं आणि आईचा फोन आला. “पावला रे,” ती म्हणाली, म्हणजे पाणी पोचलं. मग फोनमधून पाण्याचा आवाज ऐकवत राहिली.

बाई, ज्या खाणीने विहिरी आटवल्या तिचंच पाणी आज आईच्या पायाशी आहे, आणि ते तिथे पोचवताना मी तळं रिकामं करतो आहे. पुढच्या वर्षी काय, ते बैठकीत कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ही वर गेलेली पायरी की खाली गेलेली, ते तुम्ही असता तर आपण दोघांनी मिळून न कळल्याचं कबूल केलं असतं. एक मात्र एकट्याने कबूल करतो. रोज सकाळी आल्याबरोबर मी आधी बघतो, आणखी एक पायरी वर आली का. सगळं कळूनही मला तळ बघायचा आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून हिशोब इथेच लिहितो. आजचा खर्च: चहा आणि दोन पोई, तीस रुपये. देणं: केरीला जाण्यायेण्याचं माझं तिकीट. किती पडलं ते मला माहीत नाही. पैसे तुम्ही देत होता, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.