वाकड्या चोचीची चिमणी

शांती नगर, मीरा रोड
१८ नोव्हेंबर २००७

प्रिय क्षितू,

फोन सोडून बाबांनी पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ‘हं, हं’ करत होतो, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. तब्येत बरी आहे ना, असं तू दोनदा विचारलंस. तब्येत ठणठणीत आहे. साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो तेवढाच. पण फोनवर जे माझ्या तोंडून निघत नाही ते कागदावर उतरतं. गोदीत सगळी नोकरी मी दुसऱ्यांचे अर्ज आणि खुलासे लिहून देण्यात घालवली. हा खुलासा माझा स्वतःचा आहे, म्हणून जरा अडखळत होतोय.

आधी इकडची खबर देतो. लिफ्ट पुन्हा बंद आहे, त्यामुळे वर चढताना कोणाकडे काय शिजतंय ते मजल्यागणिक कळतं. खालच्या हेमालीबेन अजून साड्यांना फॉल लावतात आणि अजून मला ढोकळा पाठवतात. या दिवाळीत मी बाजारचा कंदील आणला, प्लॅस्टिकचा, घडी होणारा. तुझ्या आईने तो गॅलरीत टांगूच दिला नसता. लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून ती दरवर्षी जो कंदील करायची, त्यात दिवा लावला की गणपती आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ कसं उजळून निघायचं, आठवतं? मी म्हणायचो, मनोरमा, कोणाकोणाच्या लग्नाला आपण जेवून आलो ते खालून रस्त्यावरच्या माणसाला वाचता येतंय. ती हसायची आणि पुढची पत्रिका कापायला घ्यायची.

फार थट्टा केली मी तिची. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या दिसल्या की माझं सुरू व्हायचं. त्यांच्या पट्ट्या कापून, वेण्या घालून ती पायपुसणी करायची. नारळाच्या करवंट्या घासून तिने त्यांत कोथिंबीर लावली होती. तू शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या वस्तू आपल्याच घरी तयार व्हायच्या. आइस्क्रीमच्या काड्या, औषधांची खोकी, फुटक्या बांगड्या, सगळा पसारा हॉलभर. मी दारातूनच विचारायचो, आज नगरपालिकेची गाडी आपल्याकडे रिकामी झाली का म्हणून. तुला माझं बोलणं आवडायचं, तू खिदळायचीस. तिला ते किती आवडायचं हे मी कधी विचारलं नाही.

त्या सगळ्यात पाळण्यावरच्या चिमण्या सर्वांत जुन्या. तू पोटात होतीस तेव्हा लालबागच्या खोलीत बसून तिने त्या शिवल्या. खालच्या शिंप्याकडून चिंध्या मागून आणल्या, जुन्या उशीतला कापूस भरला आणि भरतकामाच्या तुटक्या रिंगला दोऱ्यांनी सगळ्या टांगल्या. तू पाळण्यातून उठलीस तरी चिमण्या काही उठल्या नाहीत. आपण मीरा रोडला आलो तेव्हा तिने त्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या चौकटीला लावल्या. येता-जाता माझ्या डोक्याला लागायच्या. वर्षानुवर्षं मी त्या हाताने बाजूला सारत जेवायला आत गेलो आणि हात धुवायला बाहेर आलो. तू कॉलेजात गेल्यावर घराला रंग काढला, तेव्हा कुठे तिने त्या उतरवून साड्यांच्या कपाटात ठेवल्या. मला हायसं वाटलं होतं.

सप्टेंबरमध्ये तू फोन केलास. आई नाही म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी नाही, ते नाशिकला सासरीच करायचं ठरलं. विहीणबाई चांगल्या आहेत, अभिनवरावही तुला जपतात, तरी ते ऐकताना मला फार वाईट वाटलं होतं. मी म्हटलं, माहेरचं म्हणून तुला काय पाठवू? तू म्हणालीस, काही नको, फक्त आईच्या चिमण्या पाठवा. मी म्हटलं, त्यात काय, कपाटातच आहेत. फोन ठेवला, कपाट उघडलं आणि रिकाम्या कप्प्यासमोर उभा राहिलो.

काय झालं होतं ते सांगतो. जूनमध्ये आईचं वर्षश्राद्ध झालं. तुझी द्वारकाआत्या जाताना म्हणाली, दादा, आता वहिनीचे कपडे काढ, वर्ष उलटल्यावर ठेवू नयेत. मलाही ते पटलं. पण कपाट उघडून एकेक साडी हातात घ्यायची माझी छाती होईना. खालच्या कप्प्यात आईने स्वतःच बांधून ठेवलेलं एक मोठं गाठोडं होतं आणि वर घडीच्या साड्या. पुढे एका दुपारी बोहारीण आवाज देत आली. मी वरच्या साड्याही त्याच गाठोड्यावर टाकल्या, चादरीत सगळं आवळून बांधलं आणि दारात नेऊन ठेवलं. आतलं गाठोडं सोडलं नाही. सोडलं असतं तर तिची ती डोहाळजेवणातली हिरवी साडी दिसली असती आणि मग काहीच देता आलं नसतं. बाईने बदल्यात एक स्टीलचं पातेलं पुढे केलं. आणि क्षितू, मी घासाघीस केली. पातेल्यावर झाकण पाहिजे म्हणून अडून बसलो. आईला बोहारणीशी हुज्जत घालताना इतकी वर्षं पाहिलं होतं ना, मला वाटलं ते तसंच करायचं असतं. तिने कुरकुरत झाकण दिलं. त्या पातेल्यात मी रोज दूध तापवतोय.

चिमण्या त्या आतल्या गाठोड्यात होत्या.

तुझा फोन झाल्यावर मी त्या बाईला शोधत हिंडलो. शांती नगरचे सगळे सेक्टर पालथे घातले, सिल्व्हर पार्कपर्यंत वॉचमन लोकांना विचारत गेलो. शेवटी ती आपल्याच मागच्या गल्लीत सापडली. तिला गाठोडं आठवत नव्हतं, मी मात्र पक्का आठवत होतो. ‘ढक्कनवाले काका’ म्हणाली. कपडे त्याच आठवड्यात बाजारात गेले होते आणि कापडाच्या चिमण्या तिने पाहिल्याही नव्हत्या. तिचा काय दोष, न उघडता दिलेलं गाठोडं तिनेही न उघडताच पुढे दिलं असणार.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. रिसीव्हर उचललाही होता. पण तुला सातवा लागलेला, माहेरचं मागून मागून एवढंच मागितलेलं, आणि ते बापाने पातेल्यावर दिलं हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. मग मी हेमालीबेनकडे गेलो आणि म्हटलं, मला शिवायला शिकवा. त्या आधी हसल्या, मग सगळं ऐकल्यावर हसायच्या थांबल्या. दसऱ्यापर्यंत रोज दुपारी मी त्यांच्याकडे बसायचो. त्या फॉल लावायच्या आणि मी बाजूला चष्मा नाकावर घेऊन चिमणीचं पोट शिवायचो. सुई बोटात किती वेळा गेली ते विचारू नकोस. डोळ्यांना माझ्या ऑफिसच्या जुन्या पँटची बटणं लावली. चोची माझ्या डब्याच्या पिशवीच्या रेक्झीनच्या, जी टाकू नका म्हणून आई माझ्याशी भांडली होती. रिंगही हेमालीबेनची तुटलेली. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्या बाईचा नवरा शोभलो बघ, फक्त फार उशिरा.

पण शिवण्याचे कष्ट काहीच नव्हते. खरी पंचाईत पहिल्याच दिवशी झाली. हेमालीबेननी विचारलं, काका, कैसी थी, कितनी थी, कलर कौनसा था? आणि मला सांगता येईना. मला खरंच माहीत नव्हतं. लाल होत्या की पिवळ्या, पंख उघडे होते की मिटलेले, खाली घुंगरू होतं की मणी. मी द्वारकाला फोन केला, तर ती म्हणाली चिमण्या कुठल्या, पोपट होते. मग तुझ्या बारशाचा फोटो काढून बघितला. फोटो मीच काढलेला. त्यात पाळणा आहे, तू आहेस, आई आहे, आणि वर फोटो संपतो. चिमण्या मी फोटोबाहेर ठेवल्या होत्या. इतकी वर्षं ज्या माझ्या डोक्याला लागत होत्या त्यांच्याकडे मी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. हे कळलं तेव्हा हेमालीबेनच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला रडू आलं. त्या बिचाऱ्या उठून पाणी आणायला गेल्या.

मग मनाने केल्या, कशाही. पार्सल बांधायला हेमालीबेननीच मदत केली. बांधताना त्या म्हणाल्या, “काका, बेटी को खोटुं मत बोलना. बोल देना, मैंने बनाया.” मी हां हां म्हटलं, घरी आलो आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘आईच्या चिमण्या. जपून ठेव.’ म्हणजे खोटं बोललो, तेही माझ्या वळणदार अक्षरात.

वाटलं होतं, तुझ्या लगेच लक्षात येईल. तू विचारशील, बाबा, हे काय, आणि मी कबूल करून टाकीन. पण तू परवा फोनवर किती आनंदात होतीस. बाळ यायच्या आधी पाळणा आणायचा नाही म्हणून चिमण्या खिडकीच्या गजाला टांगल्यात म्हणालीस. रंग किती उडालेत म्हणालीस. नाकाशी धरल्या तर आईचा वास आला म्हणालीस. आणि मग तू म्हणालीस, “बाबा, ती वाकड्या चोचीची एक आहे ना, ती आईने मला गोवर आला होता तेव्हा माझ्याजवळ बसून नवी करून लावली होती. मला आत्ता आठवलं. बरोबर ना?”

मी म्हटलं, हो.

त्या एका ‘हो’साठी हे पत्र लिहितोय, क्षितू. चिमण्या हरवल्या ही चूक झाली, नव्या करून पाठवल्या हा भ्याडपणा झाला, पण हे तिसरं मला सहन होत नाहीये. ती चोच आईने वाकडी केलेली नाही. हेमालीबेनच्या कुकरची शिट्टी झाली, माझा हात हलला आणि ती वाकडी चिकटली. तुला गोवर आला होता आणि आई तुझ्याजवळ बसून होती हे खरं आहे, पण त्या चिमणीला तिने हात लावलेला नाही. माझ्या चिमण्या रोज बघून बघून तू त्यांच्यावर आईच्या आठवणी चढवायला लागलीयेस, आणि उद्या बाळाला मांडीवर घेऊन हेच सांगशील. खऱ्या चिमण्या कशा होत्या हे मला ठाऊक नाही. त्यांच्याखाली झोपून त्यांच्याकडे टक लावून बघणारी या जगात आता तू एकटीच उरलीस, आणि तुझ्याही डोळ्यांसमोरून मी त्या पुसतोय. म्हणून रागावायचं तेवढं रागाव, महिनाभर फोन करू नकोस, पण आधी त्या गजावरून उतरवून कपाटात ठेव. मग डोळे मिटून आठव आणि मला लिही, किती होत्या, कसल्या रंगाच्या होत्या, चिमण्या होत्या की पोपट. मी पुन्हा शिवीन, तू सांगशील तशा, आणि बारशाला स्वतः घेऊन येईन. बाळाला सांग, आजीच्या हरवल्या, या आजोबांनी केल्यात. आणि एक राहिलं. वास आला म्हणालीस, तो मात्र खोटा नाही. बोहारणीला सगळं दिलं तरी आईची ती जांभळी सुती साडी मी ठेवून घेतली होती, रात्री पांघरायला. तुझ्या चिमण्यांची पोटं तिचीच आहेत. अर्धी अजून माझ्याकडे उरलीय, ती पुढच्यांसाठी ठेवतो.

तुझाच,
बाबा