बाभळीला अडकलेल्या माशा

प्रिय आई,

तू गळासाठी बांधलेल्या माशा सापडल्या. काल दुपारी, गंगापूर धरणाच्या काठाला, नेमक्या मी जिथे त्या सोडून आलो होतो तिथेच. म्हणून हे पत्र. तुला जाऊन आठ महिने झाले, मला दोन ओळी लिहवल्या नाहीत, आणि आज लिहितोय ते कबुलीजबाब द्यायला. तू वाचणार नाहीस हे ठाऊक आहे. वाचणार असतीस तर माझी छातीच झाली नसती.

यंदा पाणी फार खाली गेलंय गं. एरवी अर्ध्या पाण्यात बुडालेल्या बाभळी बुंध्यापर्यंत उघड्या पडल्यात. मी आणि विलास, कंपनीतला माझा तोच गळ टाकणारा दोस्त, चिखल तुडवत चाललो होतो. एका वाळक्या फांदीला काहीतरी लोंबत होतं, जरीचा धागा उन्हात चमकला. विलास म्हणाला, "पक्या, हे तर काकूंचं काम!" मी फांदी धरून जवळ ओढली.

आठवतं का तुला, पहिली माशी मी विकत आणली होती? हुकाला पिसं आणि दोरे गुंडाळून केलेला खोटा किडा, मासा त्याला फसतो. तू चष्मा नाकावर घेतलास आणि ब्लाउजची शिलाई उसवावी तशी ती अख्खी उसवलीस! वर म्हणालीस, "एवढंसं, आणि हे विकत आणलंस?" संध्याकाळी शिलाई मशीनच्या फळीला छोटी पकड लावून तू तशीच दुसरी बांधली होतीस. घरात अंडं येऊ न देणारी बाई तू! पण तुझी अट होती, मासा पाण्यात परत सोडायचा. हुकाचा उलटा काटासुद्धा पक्कडीने दाबून चपटा करायचीस, माशाला सोडताना दुखू नये म्हणून.

आणि ते तुझे श्रीखंडाचे रिकामे डबे! सगळ्या सिडकोतल्या बायकांचे ब्लाउज शिवून उरलेल्या चिंध्या, येवल्याच्या पैठणीच्या फॉलबरोबर आलेले जरीचे तुकडे, चिकनवाल्याकडून मला आणायला लावलेली कोंबड्याच्या मानेची पिसं. ती तू आधी रिठ्याच्या पाण्यात तीनतीनदा धुवायचीस आणि मगच हात लावायचीस. माझ्या नखाएवढा दोरा उरला तरी डब्यात. मी हसायचो. "हसतोस काय रे? एवढ्यात अजून एका माशीचं शेपूट होतं."

जुनी माशी खराब झाली की ब्लेडने पोटाकडून दोरा कापायचीस, जर वेगळी, पीस वेगळं. पीस चहाच्या वाफेवर धरून सरळ करायचीस. हूक पॉलिश पेपरने घासून परत नवा. म्हणून मी घरात पाऊल टाकलं की तुझा एकच प्रश्न, "हूक आणलास का?"

इथेच माझं चुकलं, आई.

एकदा माशी बाभळीत अडकली. कमरेएवढ्या चिखलात उतरलो असतो तर निघाली असती. मला आला कंटाळा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कापली आणि घरी आलो. तू विचारलंस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कसला हूक! एवढी मोठी मरळ होती, तंगूस तोडून घेऊन गेली." काय तुझा चेहरा फुलला गं! शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलंस, "माझ्या माशीला मरळ लागली!" मासा घरी आणायचाच नसतो, मग पुरावा कोण मागणार?

मग ते चालूच झालं. प्रत्येक अडकलेल्या माशीची मरळ झाली. दरवेळी आधीपेक्षा मोठी. मला मासेमारी धड जमत नाही, हे तुला कधी कळलंच नाही. सात वर्षांत मी जेमतेम चार मासे धरले असतील.

आणि तू काय केलंस? एक दिवस चष्मा पुसत म्हणालीस, "माझंच बांधणं कच्चं असणार रे. नाहीतर दरवेळी कसं तुटतं?" मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? नाही बोललो. चहा प्यायलो. त्यानंतर तू प्रत्येक माशीला दुहेरी दोरा घेऊ लागलीस, गाठीवर गाठ. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता, डोळ्यातून पाणी यायचं, तरी खिडकीशी बसून बांधत होतीस. माझ्या आळसापायी! थोबाडीत मारावीशी वाटते स्वतःच्या.

"मला एकदा ने ना रे तिकडे. माझी माशी पाण्यावर कशी पडते, बघू दे तरी." किती वेळा म्हणालीस? मी म्हणायचो, चिखल आहे, साप असतात, विलासच्या गाडीवर जागा नाही. सगळं खोटं. अर्ध्या तासाची वाट ती, रिक्षानेसुद्धा नेता आलं असतं. पण तू काठावर बसली असतीस, माशी झाडात अडकलेली पाहिली असतीस आणि म्हणाली असतीस, "अरे, ती काय तिथे आहे, काढ ना!" मग माझ्या सगळ्या मरळींचं काय झालं असतं? एवढ्यासाठी तुला नेलं नाही. शेकडो माशा बांधल्यास तू, आणि त्यातली एकही पाण्यावर उतरताना तुला बघायला मिळाली नाही.

दवाखान्यातला शेवटचा दिवस तर मला जगू देत नाही. सिस्टर सलाईन बदलत होती आणि तू तिला सांगत होतीस, "ह्याला एवढी मोठी मरळ लागली होती, हाताएवढी!" दम लागला तरी हात लांब करून दाखवलास. मग माझ्याकडे बघितलंस, मी हो म्हणावं म्हणून. मी मान डोलावली. आई, मी मान डोलावली! सकाळी तू गेलीस.

आज मावशीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "प्रकाश, ती खुशीत गेली ना? मग कशाला उकरून काढतोस आता?" खुशीत! तीच तर खुशी मला खुपतेय. माझ्या थापेची खुशी होती ती. खरं ऐकून तू दोन दिवस अबोला धरला असतास, तिसऱ्या दिवशी रिक्षा बोलाव म्हणाली असतीस. ते दिवस मी तुझ्याकडून काढून घेतले. आता कुणाकडून परत आणू?

फांदीवरच्या सात माशा सोडवून आणल्यात. तुझ्यासारखं ब्लेड घेऊन बसलो, वाटलं, निदान हूक तरी वाचवू. पहिला हूक घासायला घेतला तर बोटातच मोडला, आतपर्यंत गंजलेला. पिसं गेलीत, चिंध्या कुजल्यात, जर काळी पडलीय. तू असतीस तर ह्यातूनही काहीतरी काढलं असतंस. मला काहीच काढता आलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. भिंग लावून सातही पाहिल्या. पावसाळे गेले, उन्हाळे गेले, पण तुझी एकही गाठ सुटलेली नाही. तुझं बांधणं कच्चं नव्हतं गं. कधीच नव्हतं. हे मला तेव्हाच माहीत होतं.

वरच्या फांदीला अजून तीन आहेत. फांदी कुजलेली आहे, काल हात पोचला नाही. पाणी चढायच्या आत त्या आणतो, चिखल छातीपर्यंत लागला तरी. हा शब्द देतो तुला, आणि ह्या वेळी खरा.

आणल्यावर त्या कुणाच्या हातात ठेवायच्या, ते मात्र मला कळत नाही.

तुझा खोटारडा,
पक्या