नळ आल्याची हाक

आई, इथे घर स्वस्त मिळतं, हे तुला आधी सांगून टाकते, कारण तू पहिला प्रश्न तोच विचारला असतास. पुण्यात एका खोलीला जे भाडं पडायचं त्यात इथे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि पुढे अंगण आहे. अंगणात घरमालकाने लावलेलं सीताफळ आहे. आठवडी बाजारात उन्हं कलल्यावर गेलं की भाजी जवळजवळ वाटून टाकतात. तुझं माहेर धावडा, त्याच्या थोडं अलीकडे, डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत हे गाव बसलंय. खेडं म्हणावं तर एटीएम आहे, शहर म्हणावं तर सकाळी रस्ता म्हशींचा असतो. मी लहान असताना तू मला एका लग्नाला इथे आणलं होतंस. डोंगराच्या पलीकडे काय आहे म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालीस, "पलीकडं बी असंच." त्या आठवणीपायी मी हे गाव निवडलं असं म्हटलं तर छान वाटेल, पण ते खोटं. मुलीचे बाबा गेले, पेन्शन तुटपुंजी, पुण्याचं भाडं झेपेना, आणि मुलीच्या बंगळुरूच्या घरात मी पाहुणी होते. सगळे माझ्याशी चांगलं वागत होते, तेच मला सोसेना. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. बोलून दाखवायचं नाही, आणि मग कुणाला कळलं नाही म्हणून रुसून बसायचं.

आल्या आल्या सगळ्यांनी चौकशी केली. मालक कुठं असतात, लेकरं काय करतात, तुमच्याकडं शेती किती. मी सगळ्याची उत्तरं दिली, आणि दिल्यावर कुणाकडे विचारायला काही उरलं नाही. माणसं वाईट नाहीत. कापूस वेचायला, मका सोंगायला, मिरची तोडायला सकाळीच घरं रिकामी होतात, आणि मी रिकाम्या गल्लीत खुर्ची टाकून बसते. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे दूधवाल्याला सांगितलेलं "अर्धा". सूर्य इथे डोंगराआड लवकर जातो. वरच्या माळावर अजून ऊन दिसत असतं आणि आमच्या गल्लीत दिवे लागतात. तो मधला वेळ मला जाता जात नाही. घरात दोनदा झाडू मारून होतो, देवापाशी दिवा लावून होतो, मुलीला फोन करावा तर ती ऑफिसात. अशा वेळी मी चहा करते आणि सवयीने दोन कप काढते, मग एक परत फळीवर ठेवते.

इथे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. सकाळी येतं, भर दुपारीही येतं. म्हणून ज्याला आधी कळेल त्याने गल्लीत हाक मारायची, असा इथला रिवाज आहे. आमच्याकडे ती हाक शेजारीण मारायची. माझ्या मुलीपेक्षा लहान आहे ती. नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, शनिवारी रात्री येतो. घरी सासू, एक म्हैस आणि पाठीमागे थोडं शेत, सगळं तिच्या अंगावर. हाक मारून ती थांबत नसे, माझ्या दाराची कडी वाजवायची. "काकू, नळ आले. उठा जल्दी, जास्त वेळ न्हाई राहणार." मग आम्ही दोघी आपापल्या नळाशी बसून कुंपणावरून बोलायचो. तिची सासू कशावरून फुगली, भाकरीचं पीठ यंदा कडू का लागतंय, मुंबईत खरंच समुद्र रस्त्यापर्यंत येतो का. हंडे भरले की बोलणं संपायचं. पुढचे आठ दिवस मी त्या बोलण्यावर काढायची.

तुझी हाक मला आठवते. जालन्याच्या त्या गल्लीत तू नळाशी उभी राहून पदर खोचून ओरडायचीस, आणि मी शरमेने आत पळायची. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया अशा ओरडत नसत. एकदा तू बियाणं निवडायच्या शेडवर कामाला गेली होतीस आणि पाणी आलं. मी शाळेतून नुकतीच आले होते. गुपचूप सगळ्या घागरी भरल्या, माठ भरला, तपेली भरली, आणि तू शाबासकी देशील म्हणून दारात उभी राहिले. तू आलीस, केसांत सरकीचा कोंडा होता. घागरींकडे पाहिलंस आणि विचारलंस, कुणाकुणाला सांगितलं? मी कुणालाच सांगितलं नव्हतं. समोरच्या घरी बाळंतीण होती, तिच्याकडे थेंब नव्हता. तू मारलं नाहीस. एक घागर माझ्या कमरेवर दिलीस, एक आपल्या, आणि रस्ता ओलांडताना म्हणालीस, "पाणी आलं की आधी सांगायचं, मंग भरायचं. आपली घागर काय पळून जाऊन राह्यली का?" घागर जड होती, माझं परकर-पोलकं भिजलं, आणि त्या बाईने दार उघडल्यावर तू तिला सांगितलंस की ही माझ्या लेकीने भरून ठेवली होती तुमच्यासाठी. ती बाई माझ्या गालावरून हात फिरवत राहिली. मला धरणी दुभंगावी असं झालं.

गेल्या दिवाळीला मुलगी आली होती. आईला या वयात हंडे उचलायला लागतात हे तिला पाहवेना. तिने अंगणात मोठी काळी टाकी बसवली, नळाचा पाइप तिला जोडला. पाणी आलं की टाकी आपोआप भरते, भरली की आपोआप बंद होते, आणि घरातल्या नळांना हवं तेव्हा पाणी. खूप प्रेमाने केलं तिने. मीही शेजारणीला कौतुकाने दाखवलं. ती टाकीभोवती फिरली, झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं काकू. आता तुम्हाला उठायचा तरास न्हाई." आणि खरंच, पुढच्या वेळेपासून तिने माझी कडी वाजवली नाही. कशाला वाजवेल? चांगुलपणानेच वाजवली नाही. गल्लीत हाक व्हायची, हंड्यांचा आवाज व्हायचा, आणि मी आत बसून ऐकायची. बाहेर जाऊन नुसतं बोलत उभं राहता आलं असतं. पण ज्यांचे हात भरलेले आहेत त्यांच्यापुढे रिकाम्या हातांनी कसं उभं राहायचं, ते मला जमलं नाही.

थंडीत मला ताप आला. डोकं उचलवत नव्हतं. दूधवाला दार वाजवून गेला, त्याला वाटलं बाई गावाला गेली. एका दुपारी गल्लीत गलका झाला, नळ आले होते. मला वाटलं, आता ती येईल. तेवढ्यात माझ्या टाकीत पाणी पडायला लागलं. रिकाम्या टाकीत पडणारं पाणी आधी फार मोठा आवाज करतं, मग तो आवाज कमी कमी होत जातो. मी तो शेवटपर्यंत ऐकला. टाकी भरली, आपोआप बंद झाली, गल्ली शांत झाली. उशाशी प्यायला पाणी नव्हतं आणि अंगणात टाकी काठोकाठ भरलेली होती. त्या दिवशी मी तुला हाक मारली, आई. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, अगदी मोठ्याने.

बरी झाले त्या आठवड्यात मी अंगणात जाऊन टाकीकडे जाणारा कॉक आवळून बंद केला. शेजारणीला सांगितलं, टाकीचं काहीतरी बिघडलंय, पुन्हा हंडेच भरावे लागणार. ती म्हणाली, रविवारी नवरा बघून देईल. मी म्हटलं, राहू दे, त्याला एक तर सुट्टी मिळते. ती वाकून पाइप पाहायला लागली. कॉकवर तिचा हात गेला, थोडा वेळ तिथेच राहिला. मग तिने तो न फिरवता काढून घेतला आणि पदराला पुसला. "असू द्या काकू," ती म्हणाली, "मी हाक मारत जाईन." तिला कळलं असेल का? कळलं असेल तर ती माझ्यापेक्षा तुझी लेक जास्त शोभते. मुलगी फोनवर विचारते, टाकी बरोबर चालते ना? मी सांगते, बिलकुल.

हे पत्र कुठे टाकणार, फळीवरच्या डब्याखाली ठेवीन. पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, ती शेजारणीला माहीत नाही. अंगणातला नळ मी आता उघडाच ठेवते. पाणी यायच्या आधी तो थोडा वेळ नुसती हवा सोडतो, सूं सूं करतो. ती गोठ्यात असते, शेतात असते, तिला ऐकू जात नाही. मी दिवसभर अंगणात बसलेली, मला आधी कळतं. दरवेळी गल्लीत सगळ्यांच्या आधी मला कळतं. तुझ्या शिकवणीप्रमाणे मी उठून ओरडायला हवं. मी ओरडत नाही. हंडा घेऊन आत जाते, दार लोटते आणि कडीकडे बघत बसते, कारण मीच हाक मारली तर मला हाक कोण मारणार? तेवढ्या वेळात तिचे एक-दोन हंडे कमी भरत असतील.

आताही नळ सूं सूं करतोय, आई. मी आत आहे, दार लोटलेलं आहे, आणि ती अजून आलेली नाही.