काकासाहेबांचं पार्लर, बाहेरून

८ एप्रिल

वरदनं परत पाठवलं! तिसऱ्यांदा. जुन्या व्हिडिओ गेम पार्लरवरच्या ज्या गेमचे आवाज मी करतेय, त्याचा पुण्याच्या स्टुडिओतला सगळा कारभार त्याच्याकडं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण कान तिखट. कॉलवर म्हणाला, "रत्नमाला मॅडम, एकेक आवाज मस्त आहे. पण खेळणारा पार्लरच्या आत उभा आहे आणि आवाज सगळे बाहेरून आल्यासारखे. दबलेले."

म्हणलं, बघते.

मग हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. खरंय त्याचं. येणारच बाहेरून! मी आत गेलेच कुठं होते कधी?

९ एप्रिल

लिहून काढते, म्हणजे डोकं मोकळं होईल.

सत्त्याण्णव साल असेल. मी सहावीत, माझा दादा आकाश नववीत. शिकवणी सुटली की दादाची सायकल उस्मानपुऱ्यात काकासाहेबांच्या व्हिडिओ गेम पार्लरपुढं थांबायचीच. पत्र्याचं दुकान, दाराला जाड हिरवा पडदा. आकाश आत. मी बाहेर, सायकल धरून, दोघांची दप्तरं खांद्याला. "पोरींना आत घेत नाहीत," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मानलं. दुसरी कुठली पोरगी आत जाताना दिसलीही नाही.

अर्धा-अर्धा तास नुसती ऐकायचे. बटणांचा खडखडाट. नाणं पडलं की टण्ण. स्टॅबिलायझरची टक. कुणीतरी ओरडायचं, "अबे मार ना, क्या देखरा!" आणि त्या सगळ्याच्या खालून चार सूर. वर चढायचे, परत उतरायचे. कुणी मेलं की एक लांब घसरता आवाज. लाइट गेली की एकदम सगळं गप्प — आणि मग पंधरा पोरांचं "अरेऽऽ!"

घरी जाताना मी मागं कॅरिअरवर. विचारत सुटायचे. ते चार सूर कशाचे? आकाश सांगायचा — बर्फाचा किल्ला आहे, आत एक म्हातारी झोपलीय, ती जागी झाली की ते वाजतं. आणि घसरता आवाज? — पूल तुटतो. दर्ग्यापर्यंत एक गेम, तिथून घरापर्यंत दुसरा. पायडल मारून मारून दम लागायचा त्याला, तरी सांगणं थांबायचं नाही.

ती म्हातारी आणि तो पूल डोक्यात घेऊनच मी या कामात आले. आई अजून गल्लीत सांगते, "आमची रत्ना काम्पुटरमधी पेटी वाजवती!"

१४ एप्रिल

जयंती. खिडक्या हलतायत! काम शक्यच नाही.

आकाश सहकुटुंब आला होता. गेमचं सांगितलं. आधी चेहरा फुलला, मग म्हणाला, "काकासाहेब? ते गेले की फर्दापूरला, गावाकडं. हॉटेल टाकलंय म्हणे. पण तू कशाला जाती एवढ्या उन्हात? म्हातारा विसरलाही असंल."

सोबत चल म्हणलं तर सुट्टी नाही म्हणाला.

२२ एप्रिल

पाच मेपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्या कुणाला देणार. वरद हळू आवाजात म्हणाला, पण म्हणाला.

फर्दापूरला जायचंच!

२७ एप्रिल, परतीच्या एसटीत

अक्षर हलतंय. असू दे.

काकासाहेब सापडले. लेण्यांच्या रस्त्याला चार टेबलांचं हॉटेल, स्वतः भज्यांच्या कढईपुढं. पंचाहत्तरीचे असतील. नाव सांगितलं तर ओळखेनात. मग म्हणलं, आकाशची बहीण, सायकल धरून उभी राहायची ती. झारा तसाच हातात धरून बघत राहिले — "दोन दप्तरंवाली व्हय गं तू!"

आणि मशीन आहे! एक. मागच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांआड. बाकीची भंगारात गेली, हे कुणी उचललंच नाही. पोती मी आणि त्यांनी मिळून सरकवली. बटण दाबलं. पडद्यावर नुसती एक पांढरी रेघ. चित्र मेलेलं. पण आवाज — तेच चार सूर!

माइक लावला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मशीनपुढं उभी राहिले, दोन्ही हात बटणांवर. बाहेरून किती मऊ वाटायचे ते सूर! आतून तसे नाहीतच. पत्र्यासारखे कडक, दात शिरशिरतात. आणि मशीनचं लाकूड प्रत्येक सुराला थरथरतं, ते थेट मनगटात येतं. हे मला कधी कळलंच नसतं. बटणं दाबत सुटले. डोळे भरून आले. एकोणचाळीस वर्षांची बाई!

काकासाहेबांना म्हणलं, "लहानपणी हे मिळालं असतं तर! पण तुम्ही पोरींना आत घेत नव्हता ना."

"कोण म्हणलं?" ते म्हणाले. "आमची पोरगी मोनिका रोज शाळेतून थेट तिथंच यायची. सगळ्या पोरांना हरवायची. आणिक दोघी-तिघी यायच्या."

मी हसले. मला वाटलं, वयामुळं गोंधळ होतोय.

"तुला तर मीच एकदा हाक मारणार होतो," म्हणाले, "लई ऊन व्हतं. तर तुझा भाऊ म्हणला, नका काका, तिला आत घेऊ नका. घरी मार बसतो तिला. मग मी कशाला बोलावतो?"

मला कधी मार बसला नाही. वडिलांनी, अण्णांनी, आम्हा दोघांवर कधी हात उगारला नाही.

चहा प्यायले. पाया पडले. निघाले. माइक बंद करायचा राहिला होता, हे सगळं रेकॉर्ड झालंय.

२९ एप्रिल

ते रेकॉर्डिंग ऐकायचं धाडस होत नाही. सूर वेगळे काढायला हवेत.

आकाशचे दोन फोन. उचलले नाहीत.

४ मे

एक दिवस आधी पाठवलं. वरदचा लगेच फोन — "मॅडम, हेच! मनगटात वाजतंय!"

आनंद व्हायला हवा होता. तीन वर्षं! तीन वर्षं उन्हात उभं केलं त्यानं मला. आणि मी ते दिवस असे जपून ठेवलेले.

आकाशचा मेसेज — "गेलतीस का फर्दापूरला?" उत्तर दिलं नाही.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

आकाश खिरीचा डबा घेऊन एकटाच आला. दारातच विचारलं. आत ये म्हणायच्या आधी.

"व्हय," म्हणाला. "मीच सांगितलं होतं त्यांना."

"का?"

चप्पल काढत बसला बराच वेळ. मग खाली बघूनच बोलला — "घरात मला कोण काय विचारायचं, रत्ना? मार्क तेवढे. तू एकटी विचारायचीस. मी आत खेळायचो कमी, तुला काय सांगायचं तेच ठरवत बसायचो. आत आली असतीस, तुला सगळं दिसलं असतं. मग कशाला विचारलं असतंस?"

भांडायचं ठरवलं होतं. आठ दिवस वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. त्याला मी शेवटचं काय विचारलं होतं, तेही आठवेना.

वाट्या काढल्या. खीर वाढली. मग म्हणलं, "दादा, शेंद्र्याला तू नेमकं काय करतोस रे?"

अठरा वर्षं आहे तो तिथल्या कंपनीत.

त्यानं वाटी बाजूला ठेवली आणि सांगायला लागला.