चारही तेहतीस

३ फेब्रुवारी, शनिवार

बसवली एकदाची भावोजींची चाकं! सतरा इंची, काळी, कडेला चकाकी. गाडी एवढी तरुण दिसायला लागली की आत बसलेले भावोजी कुणाचे तरी वडील वाटतात. उद्या त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. ताईला अचानक दाखवायची होती म्हणून आजच हवी — आजच म्हणजे आजच!

पण घोळ झाला. जुन्या चाकांतले हवेचे सेन्सर नव्या रिममध्ये बसेनात. आतला आकारच वेगळा, सेन्सर तिरका राहतो, टायर चढवतानाच तुटला असता. दुसरे मागवले तर तीन आठवडे. आणि सेन्सर नाहीत म्हटल्यावर स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा पेटलेलाच राहणार. भावोजी आयुष्यभर हवामान खात्यात. असा दिवा बघून त्यांना जेवण गेलं नसतं.

मग डोकं चालवलं. हातभर पीव्हीसीचा पाइप घेतला, चारही सेन्सर आत टाकले, दोन्ही तोंडं टोपणं चिकटवून बंद केली, एका टोपणाला व्हॉल्व्ह लावला आणि भरली तेहतीस हवा. तो पाइप डिकीत, स्टेपनीच्या मागे, गालिच्याखाली. गाडीला वाटतंय चारही चाकं ठणठणीत!

दुकानातला पार्टनर म्हणाला, "हे बरोबर नाही हं." मी म्हटलं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

गाडी न्यायला आले तेव्हा भावोजींनी विचारलं, "सेन्सर नीट बसले ना?"

"बसले," म्हटलं मी. जीभ जराही अडखळली नाही, याचंच आता नवल वाटतंय.

४ फेब्रुवारी, रविवार

ताई खूश. भावोजी त्याहून खूश. शेजाऱ्यांसमोर मला पुढे ओढून म्हणाले, "हे आमचे मेहुणे. चाकांतले तज्ज्ञ!"

पंचवीस वर्षं माझी ओळख एकच होती — "हा हिचा भाऊ. हवा भरतो." आज पहिल्यांदा तज्ज्ञ झालो, आणि तेही कशाच्या जोरावर! केकचा घास तोंडात फिरत राहिला.

१२ फेब्रुवारी, सोमवार

भावोजींचा फोन. रोज सकाळी पडद्यावरचे आकडे वहीत लिहितायत. जुनी सवय! "आठ दिवस झाले, चारही तेहतीस! एक पॉइंट हलला नाही. काय काम केलंय राव तुम्ही!"

अहो जाहो करायला लागलेत मला.

१८ फेब्रुवारी, रविवार

रात्री नीट झोप नव्हती. एकच विचार — एखाद्या चाकातली हवा उतरली, तर भावोजींना कळायचं कसं? दिवा पेटायचा नाही. आकडा हलायचा नाही. टायर फाटेपर्यंत समोर आपलं तेहतीस! म्हणजे त्या गाडीचा दिवा आता मीच.

सकाळी गेज आणि छोटा पंप पिशवीत घालून निघालो. निघताना ताईला फोन केला. भावोजी रविवारी सकाळी दीड तास फिरायला जातात, तेवढ्यात उरकायचं होतं. पुढचं उजवं तीस निघालं. भरलं. वर गेलो तर ताईने चहा टाकलेला. "आज इकडे कसा काय उगवलास?" म्हटलं, सहज.

बारा मिनिटांवर राहते. गेल्या वर्षभरात तीनदा गेलो असेन. एकदा तिला ताप असताना गेलो, तेही दारातूनच.

२४ फेब्रुवारी, शनिवार

नवे सेन्सर आले. भावोजींना फोन केला — गाडी आणा, बॅलन्सिंग बघून घेऊ.

"छे छे! चालतंय ते कशाला बिघडवायचं?"

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण ते पुढे म्हणाले, "मी इथे सगळ्यांना सांगतो, चाकं बसवावीत तर आमच्या मेहुण्यांनी." मिटलं तोंड. डबा फळीवर ठेवून दिला.

२५ फेब्रुवारी, रविवार

गेलो. मागचं उजवं एकतीस. भरलं. ताईने मला सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या होत्या. विसरायला नको म्हणून! एकेक वाचून त्यावर काट मारत होती. वॉशिंग मशीनचा आवाज. भाचीची तब्येत — आठवा संपत आला. समोरच्या बाईने केस रंगवले. अकरा गोष्टी होत्या. मी हं हं करत होतो आणि घड्याळ बघत होतो, भावोजी येतील म्हणून.

३ मार्च, रविवार

चारही तेहतीस — खरेखुरे! जीव भांड्यात पडला. खालूनच ताईला फोन केला, दुकानात घाई आहे, येत नाही. तीन जिने कोण चढतो.

दुपारी मस्त झोपलो.

१० मार्च, रविवार

मागचं डावं — पंचवीस!

गेज पुन्हा लावलं. पंचवीसच. आठवड्यात आठ पॉइंट! आणि भावोजी कालच भाजी आणायला त्याच गाडीतून ताईला घेऊन गेले होते. भरलं. साबणाचं पाणी लावून बघितलं, व्हॉल्व्हला, रिमच्या कडेला. एक बुडबुडा नाही. वर गेलो. ताई म्हणाली, "आज दमलेला दिसतोस, बस जरा." दीड तास बसलो. उठायची हिंमत होत नव्हती.

१७ मार्च, रविवार

मागचं डावं — चोवीस.

माझ्याच हातचं काम. टायर चढवताना कड दुखावली असेल. नाहीतर रिमच सच्छिद्र. एरवी दिवा पेटला असता, भावोजी बोंबलत दुकानात आले असते, मी अर्ध्या तासात सोडवलं असतं. एवढ्याचसाठी तर ते सेन्सर असतात! आणि मी ते पाइपात कोंडून ठेवलेत.

घरी ही म्हणते, "बहिणीचं एकाएकी फारच प्रेम आलंय. दर रविवारी!" चोराच्या मनात चांदणं. चिडलो तिच्यावर उगाच.

२४ मार्च, रविवार

ताप. अंथरुणातून उठवेना. ताईला फोन केला — आठवडाभर गाडी काढू नका. का म्हणून विचारेल, तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही.

"नाही काढत. तू औषध घे रे चिमण्या. आलास की बघू."

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला चिमण्या म्हणणारी जगात एकच बाई आहे. आणि मी तिला कशावर बसवून फिरवतोय!

२७ मार्च, बुधवार

राहवेना. जेवणाच्या सुट्टीत न सांगता गेलो. कुणाला दिसू नये म्हणून दोन गाड्यांच्या मधून वाकत. मागचं डावं — बत्तीस!

दहा दिवसांत एक पॉइंट. मग आधी आठ-नऊ कसे जात होते? असं गळणं बापजन्मात पाहिलं नाही. लागोपाठ गळत असतं तर अंदाज तरी आला असता. हे कधी गळेल, कधी नाही, भरवसाच नाही. जास्तच घाबरलो. तसाच परत आलो.

३१ मार्च, रविवार

चोवीस!!

७ एप्रिल, रविवार

पंचवीस. पण ते राहू दे. भाची बाळंत झाली, मुलगी! भावोजी फिरायला न जाता घरीच होते, फोनवर फोन. वीस तारखेला दोघं गाडीने निघणार. सहाशे किलोमीटर. येताना भाची आणि तान्ही पोर गाडीत.

मी म्हटलं, ट्रेनने जा की. "गाडी कशासाठी आहे? आणि चाकं तुमची आहेत, काळजी कसली!" वही उघडून दाखवली. पानंच्या पानं — ३३ ३३ ३३ ३३. काही ठिकाणी ३४, पण चारही एकदम. बारीक, सरळ अक्षर.

ताईने माझ्याकडे बघितलं आणि बशीत अजून एक बिस्कीट ठेवलं.

१४ एप्रिल, रविवार

आज सांगायचंच म्हणून गेलो. चोवीस निघालं, भरलं, तीन जिने चढलो, चहा प्यायलो, परत आलो. थू माझ्यावर.

१७ एप्रिल, बुधवार

सांगितलं.

संध्याकाळी गेलो, बूट न काढता दारातच उभा राहून सगळं एका दमात ओकलो. पाइप, डिकी, तीन आठवडे, फळीवरचा डबा, सगळं. भावोजींना आधी समजेचना. मग खाली घेऊन गेलो, गालिचा उचलून पाइप हातात दिला. त्यांनी तो हलवला. आत सेन्सर खडखडले.

"म्हणजे अडीच महिने मी ह्याचा दाब लिहीत होतो?"

"हो."

"तीस वर्षं नोकरी केली. एकदाही मनचा आकडा लिहिला नाही." एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं! एक कानाखाली दिली असती तरी चाललं असतं.

वर येऊन ताईला म्हटलं, एवढ्यावर भागत नाही. मागचं डावं हवा सोडतंय, दर आठवड्याला, मी गुपचूप भरून जातो. ते फुटलं असतं तर! ताई कप पुसत होती. कप ठेवला आणि एकदम उठून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आलीच नाही. रडत असणार. माझ्या पायी!

१८ एप्रिल, गुरुवार

भावोजी गाडी घेऊन आले. दुकानात खुर्चीवर चार तास बसून होते. मी चारही टायर उतरवले, नवे सेन्सर बसवले, गाडीला त्यांची ओळख करून दिली. मागचं डावं अख्खं पाण्याच्या टाकीत बुडवलं, फिरवून फिरवून बघितलं. पार्टनरनेही बघितलं. काही नाही! कोरं करकरीत चाक. तरीही टायर बदलला, खर्च माझ्या अंगावर पडला तरी चालेल.

पडद्यावर आकडे आले. ३३, ३३, ३२, ३३. भावोजी त्या बत्तिसाकडे बराच वेळ बघत होते. मग चावी घेऊन गेले. मेहुणेबिहुणे काही नाही.

२१ एप्रिल, रविवार

पोचले सुखरूप! काल दिवसभर मी कुठल्याच गिऱ्हाईकाचं धड ऐकलं नाही. आज सकाळी भावोजींचा मेसेज. मजकूर काही नाही, नुसते आकडे — ३३ ३३ ३२ ३३.

दोनदा वाचला. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

२८ एप्रिल, रविवार

परवा सगळी परत आली, बाळासकट. मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? आणि आता जायचं कारणही उरलेलं नाही. आकडा पडद्यावर दिसतो.

५ मे, रविवार

आजही गेलो नाही.

काल पार्टनरने विचारलं, "मागचं डावं काय म्हणतं?" भावोजींचा मेसेज रोज येतो, त्यात तेहतीस आहे. "आणि जुना टायर?" तो दुकानातच आहे, दुसऱ्या रिमवर चढवून ठेवलाय. पंधरवडा झाला, एक पॉइंट उतरला नाही. पार्टनर डोकं खाजवत म्हणाला, "मग गळत काय होतं?"

मलाही कळत नाही. एवढी वर्षं हेच काम करतोय.

६ मे, सोमवार

दुपारी ताई दुकानात आली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. टायरच्या राशीत पर्स छातीशी धरून उभी.

"येत नाहीस आताशा."

म्हटलं, आता गरज नाही ताई, गळणं थांबलंय.

"गळत नव्हतंच ते. मी सोडायचे हवा. तुझा निघालो म्हणून फोन आला की खाली जायचे, केसांची पिन घेऊन. त्या रविवारी खिडकीतून बघत होते, चारही चाकं ठीक निघाली आणि तू जिन्याशीसुद्धा आला नाहीस, तेव्हापासून." माझ्याकडे बघेना. "हवा सोडल्यावर एकदा चावी फिरवून बघितली, तर ह्यांचा आकडा तेहतीसच, तेव्हाच तुझी लबाडी कळली मला."

हातातला पाना मी कुठे ठेवला, आठवत नाही.

"आता तर तू खरे सेन्सर बसवलेस. आता पिन लावली की ह्यांना लगेच दिवा दिसणार. मग मी काय करू, सांग ना चिमण्या?"