पश्चिमेचा कवडसा

९ नोव्हेंबर

आज मिठाच्या रणात पोहोचलो. प्रवास छान झाला. खाराघोड्यानंतर रस्ता असा नाहीच, मिठाच्या ट्रकांनी आणि पाण्याच्या टँकरांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. तरी फोनमधली बाई शेवटपर्यंत इकडे वळा, तिकडे वळा सांगत राहिली आणि तिने मला नेमकं शाळेपुढे आणून उभं केलं. शाळा म्हणजे बांबू, गोणपाट आणि एक फळा. पोरांनी गाडीला गराडा घातला. ज्यांच्या मिठागराला लागून शाळा आहे ते वालजीभाई आणि त्यांच्या पत्नी झवेरबेन चहा घेऊन आले. फोनचं बोलणं चालूच होतं. वालजीभाई म्हणाले, "मास्तर, ही दमत नाही का? आमच्याकडेही एक आहे अशीच." झवेरबेन म्हणाल्या, "तिला विचारा माझी शेळी कुठं गेली ते. सांगितलं तर मानेन तिला."

सगळे हसले. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी.

रात्री बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी. झोप चांगली येईल असं वाटतं.

११ नोव्हेंबर

माझ्या बायकोबद्दल, मंजुलाबद्दल, इथे कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत आहे. ती याच भागात नर्स होती. मागच्या हिवाळ्यात एका लांबच्या मिठागरावर कुणाचं बाळंतपण करायला निघाली, फोनने जवळची वाट दाखवली आणि ती त्या वाटेने गेली. स्कूटर चिखलात रुतलेली सापडली. ती सापडली नाही. तिला अग्नी देता आला नाही. मी इथे बदली मागितली तेव्हा माझी बहीण म्हणाली, तिथे आहे काय? ती जिथे आहे त्याच्या जवळ राहावं, एवढंच मनात होतं.

१४ नोव्हेंबर

झवेरबेननी मला एक हात-आरसा दिला आणि पोराला शिकवावं तसं शिकवलं. इथली आगरं एकमेकांपासून फार लांब आहेत आणि फोनला नेटवर्क क्वचितच मिळतं. म्हणून उन्हात आरशाचा कवडसा टाकायचा. समोरून कवडसा परत आला तर त्याचा अर्थ एकच : मधली जमीन टणक आहे, सरळ ये. जमीन ओली असेल तर उत्तर द्यायचं नाही. उत्तर आलं नाही तर असेल तिथेच थांबायचं. दुसरी कुठलीही खूण नाही.

मी विचारलं, येऊ नको असं सांगायचं झालं तर? त्या म्हणाल्या, "गप्प बसायचं, मास्तर. गप्प बसायला काय खूण लागते?" पुढे म्हणाल्या, "तुमची ती बाई खोटं बोलेल. आरसा बोलत नाही."

२० नोव्हेंबर

काल अवकाळी सर पडून गेली. वरून जमीन कोरडी, पांढरी दिसते. खाली काय आहे ते पाय टाकल्यावरच कळतं. वालजीभाईंनी पोरांना पश्चिमेकडे फिरकायचं नाही म्हणून दम दिला. त्या बाजूला या वर्षी एकही आगर नाही.

दवाखान्याची गाडी आली होती. तिचे चालक इलियासभाई माझ्या फोनवरचा नकाशा बघत होते. म्हणाले, ही रेघ कसली? पश्चिमेला, जिथे मंजुलाची स्कूटर सापडली तिथून एक बारीक वाट पुढे गेलेली दिसत होती. मी पूर्वी हा नकाशा शेकडो वेळा पाहिला आहे. ती नव्हती. इलियासभाईंना यातलं कळतं. ते म्हणाले, फोन ज्या वाटेने पुन्हा पुन्हा जातात ती वाट नकाशा शिकतो. तिथे कोण जातं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "रानगाढवं फोन वापरायला लागली असतील."

त्यांनी नंतर आणखी काही विनोद केला नाही.

२३ नोव्हेंबर

रेघ वाढली आहे. मी रोज बघतो. रोज थोडी पुढे.

मंजुलाचा फोन सापडला नव्हता. हे फक्त लिहून ठेवतो.

२६ नोव्हेंबर

भर दुपारी पश्चिमेकडून कवडसा आला. खाली मृगजळ हलत होतं आणि त्याच्या वर एक पांढरा ठिपका चमकत होता. चमके, थांबे, पुन्हा चमके. मी झवेरबेनना हाक मारली. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, पोरांना आत घेतलं आणि मला म्हणाल्या, मास्तर, तिकडे कुणी नाही, आरसा पालथा ठेवा. मागच्या वर्षीपासून अधूनमधून असं दिसतं, आम्ही उत्तर देत नाही. मग त्या आगराकडे गेल्या.

तो ठिपका थांबेना. कुणीतरी विचारत होतं आणि कुणी उत्तर देत नव्हतं. ते मला बघवलं नाही.

मी आरसा उचलला. एकदाच.

ठिपका विझला.

२८ नोव्हेंबर

रेघ वळली. आता ती शाळेच्या दिशेने आहे.

मी उत्तराने काय सांगितलं ते मला आज कळतं आहे. सरळ ये.

२ डिसेंबर

रेघ शाळेला येऊन टेकली. सकाळी माझ्या गाडीशेजारी एका चाकाची, स्कूटरची असते तशी, बारीक चाकोरी होती. पश्चिमेकडून आलेली. परत गेलेली नाही. झवेरबेननी ती पाहिली. मग विचारलं, उत्तर दिलंत का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "अरे भाई, काय केलंस हे!" इथे आल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली. रागाने नव्हे. रडवेल्या झाल्या होत्या.

म्हणाल्या, उद्याच खाराघोड्याला जा. टँकरची चाकोरी सोडू नको. फोन बंद ठेव. धुकं असेल तर निघूच नको.

३ डिसेंबर, सकाळ

धुकं. तरी निघालो. इथे बसवत नव्हतं. थोड्या वेळाने चाकोरी दिसेनाशी झाली. थांबायला हवं होतं, ऊन येऊ द्यायला हवं होतं. फोन बंद होता. तो आपोआप सुरू झाला असं लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही. कदाचित मीच सुरू केला असेल. बाई म्हणाली, डावीकडे वळा. मी वळलो. सरळ जा म्हणाली. गेलो. खाराघोडा जवळच आहे असं सांगत होती आणि मी ऐकत होतो. पुढे एका चाकाची खूण दिसत होती. तीही मी पाहिली होती.

धुकं विरलं तेव्हा सकाळचा सूर्य माझ्या पाठीशी होता, म्हणजे मी पश्चिमेला आलो होतो.

दुपार

गाडी दारापर्यंत रुतली आहे. उतरून पाहिलं. पाय गुडघ्यापर्यंत गेला, दाराला धरून कसाबसा वर आलो. नेटवर्क नाही. नकाशा मात्र चालू आहे. मी आलो ती वाट आता त्यावर जाड झाली आहे.

बाई म्हणते, तुम्ही पोहोचला आहात.

नंतर

शाळेच्या बाजूने दवाखान्याची गाडी येते आहे. माझ्याच चाकांच्या खुणांवरून. इलियासभाई असणार. तिच्या खिडकीतून कवडसा आला, म्हणजे झवेरबेनही बरोबर आहेत. मला शोधायला निघाल्या. टणक जमिनीच्या कडेला गाडी थांबली आहे. त्या विचारत आहेत.

मी ओरडलो. आवाज जात नाही. सदरा हलवणार होतो, पण एवढ्या लांबून ते बोलावणंच वाटेल—

गप्प बसायचं. एवढंच माझ्या हातात आहे. आरसा पालथा करून त्यावर बसलो आहे. फोनही पालथा.

पुन्हा कवडसा. मी उत्तर देत नाही. झवेरबेन, मी उत्तर देत नाही, परत जा—

थांबल्या आहेत. चांगलं. नियम पाळत आहेत. आरशावर त्यांचा विश्वास—

गाडीच्या आतल्या छतावर उजेड पडला. पुढच्या काचेतून. मी त्यांच्याकडे वळून बसलो आहे, माझ्या पाठीमागे, पश्चिमेला, कुणीतरी—

चमकला. थांबला. चमकला.

ते उत्तर होतं. माझं नव्हे. पण त्यांना ते माझ्याकडूनच आलेलं—

दवाखान्याची गाडी हलली. सरळ येते आहे. झवेरबेन खिडकीतून हात हलवत आहेत, हसत असाव्यात, सापडले मास्तर म्हणून—

मंजुला, नको. त्या तुझ्या कुणी नाहीत. मी आलो ना, मी आहे ना इथे, आता आरसा खाली—