वहीत न लिहिलेली घळ

ट्विझल, २६ सप्टेंबर

प्रिय कर्स्टी,

हॅल्डन डोंगराच्या दक्षिणेची घळ अजून चढण्याजोगी आहे का, असं तू विचारलंस. सोमवारपासून रोज उत्तर लिहायला बसते आणि चहा करायला उठते. आज चहापत्तीच संपली, तेव्हा आता बसणं भाग आहे.

आपला जून-ऑगस्टचा हिवाळा यंदा उशिरा आला. जूनमध्ये पहिला बर्फ पडला तेव्हा गिर्यारोहण क्लबातली मंडळी नाचायला लागली, पण पहिल्या बर्फाला काही अर्थ नसतो. खडकावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा तो, बर्फात रोवायची कुऱ्हाड मारली की खालचा दगड खणकन वाजतो. दक्षिणेचा वारा दोन-तीनदा यावा लागतो, मधे थोडं वितळून पुन्हा गोठावं लागतं, तेव्हा कुठे जुलै सरता सरता घळीतला बर्फ कुऱ्हाड धरून ठेवतो. ऑगस्ट झकास गेला. आता मेंढ्या व्यायला लागल्यात, वायव्येचा गरम वारा सुटलाय आणि मंगळवारी पार वरपर्यंत पाऊस झाला. सलग तीन रात्री कडक गोठलं तरच जा. पहाटे घळीच्या तोंडाशी थांबून कान दे. बर्फाखालून पाणी वाहताना ऐकू आलं तर मोसम संपला असं समज आणि कितीही जीव चरफडला तरी मागं फिर.

हे सगळं तुझ्या वडिलांना, लॉकीला, माझ्याइतकंच कळत होतं. ते मुद्दाम लिहिते आहे, कारण तू लहानपणापासून दुसरंच ऐकलंस. त्र्याण्णव साली तू पाच वर्षांची होतीस. तो गेल्यावर झालेल्या चौकशीच्या निकालात छापून आलं की लॉकीनं बेत बदलला, पण डोंगरावरच्या खोपीतल्या वहीत, जिथं प्रत्येकानं आपली वाट लिहून निघायचं, तिथं बदल केला नाही, म्हणून शोध चुकीच्या बाजूला झाला. तुझ्या आईच्या, शोनाच्या, ते काळजात रुतलं. ‘तुझ्या बापाला पाच शब्द लिहायचा कंटाळा आला, म्हणून तू बिनबापाची झालीस,’ असं ती माझ्यादेखत तुला म्हणायची, आणि मी तिच्याच टेबलाशी बसून तिच्या हातचे स्कोन खायची. आज तू वहीत पानभर लिहितेस, तर क्लबातले म्हणतात, ‘बघा, कर्स्टीबाई कादंबरी लिहून निघाल्या.’ सगळे हसतात. मी एकदाही हसू शकले नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं का?

त्या शुक्रवारी आम्ही दोघंच खोपीत होतो. संध्याकाळी वहीत मीच लिहिलं होतं, ‘लॉकी आणि नोलीन, उत्तरेचा कडा, उद्या परत.’ पण त्यानंतर पाण्यासाठी ओढ्याकडे उतरताना माझा गुडघा मुरगळला, आणि जेवताना आमची जुंपली. मी म्हटलं, मोसम संपलाय, उद्या दोघंही खाली जाऊ. तो म्हणाला, ‘गुडघा तुझा दुखतोय नोल, डोंगराचा नाही. म्हातारी झालीस की काय?’ तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. माझं तोंड त्या क्षणी जे फुगलं ते सकाळपर्यंत उतरलं नाही.

सकाळी मी जागी झाले तेव्हा तो बर्फावर चालायचे लोखंडी काटे बुटांना बांधून दारात उभा होता. काटे लावून खोपीच्या लाकडी जमिनीवर पाय ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा नियम तुला माहीतच आहे. अशा वेळी आत असेल त्यानं वही उघडायची. तो बाहेरूनच म्हणाला, ‘नोल, वहीत तेवढं बदल गं. उत्तरेचा कडा खोड, दक्षिणेची घळ लिही. सावलीतला बर्फ टिकलाय. दोनपर्यंत येतो.’ मी झोपायच्या पिशवीतूनच म्हटलं, ‘हात मोडलाय का तुझा? काढ काटे आणि लिही स्वतः.’ तो हसला. ‘पाच शब्दांसाठी काटे सोडायला लावतेस होय, खाष्ट बाई?’ म्हणाला आणि निघाला. मी लिहीनच, याची त्याला खात्री होती.

मी लिहिलं नाही. चहा झाल्यावर लिहू म्हटलं, चहा झाला, राग होताच. तो यायच्या आत निघून जावं, म्हणजे बसेल एकटा, असं मनात आलं आणि पाय ओढत मी खाली उतरले. तिथून थेट भावाच्या मेंढवाड्यावर गेले. रात्री वायव्येचं वादळ आलं, टेलिफोनच्या तारा पडल्या. शोनानं रविवारी पोलिसांना कळवलं. वहीत दोघांची नावं होती, म्हणून ते मलाही शोधत होते. दोन दिवस माणसांनी उत्तरेचा कडा पिंजून काढला. बुधवारी शेजाऱ्यानं वर्तमानपत्र आणून दिलं तेव्हा मला कळलं. लॉकी घळीच्या पायथ्याशी सापडला होता, पाय मोडलेला, वाऱ्याच्या बाजूला दगड रचून घेतलेले. डॉक्टर म्हणाले, तो दोन रात्री तरी जिवंत होता.

चौकशीत मला विचारलं, तो जाताना काही बोलला का? मी म्हटलं, नाही, मी झोपेत होते. एवढंच बोलले आणि एकतीस वर्षं तेच बोलत आले. माफी मागायची लाज वाटते, कर्स्टी, पण मागते. उद्या सकाळी शोनाकडे जाऊन तिलाही सांगणार आहे. ती दार लावून घेईल, लावू दे.

हे आजच लिहायचं कारण तुझ्या मेलच्या खालच्या ओळी. शनिवारी घळीत जाताना, उशीर झाला तर ज्यानं पोलिसांना कळवायचं त्या माणसाच्या जागी तू माझं नाव टाकलंयस, आणि लिहिलंयस, ‘नोल आँटी, तुझ्यासारखं खात्रीचं दुसरं कोण आहे?’ हे पत्र मी स्वतः तुझ्या दारात टाकून जाते, दार वाजवायचा धीर नाही. माझं नाव काढून दुसऱ्या कुणाचं टाक. शनिवारी दोन वाजल्यापासून मी फोनपाशी बसेन. नाव काढलंस तरी बसेन.

तुझीच,
नोल